ठासणीचे फुफाजी

उभ्या बालाघाट जिल्ह्यात माझ्या फुफाजींइतका निरुपद्रवी बंदूकवाला झाला नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करते. जबाबदारीनं अशासाठी, की बंदुकांबद्दलची माझी भूमिका सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. वरातीत, बारशात, निवडणूक जिंकल्यावर, कुणाचा पोरगा भरतीत लागल्यावर आकाशाकडे नळी करून बार काढणाऱ्या दीडशहाण्यांच्या विरोधात आमची एक समिती आहे. समिती म्हणजे मी, माझी मैत्रीण आणि मैत्रिणीची स्कूटी. आम्ही पत्रकं काढतो, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी, कारण आमच्याकडे नवरी गोंदियाची असते आणि बँडवाला बैहरचा. मराठी बाजूवर ठळक अक्षरात 'आनंद झाला? टाळ्या वाजवा!' आणि हिंदी बाजूवर 'ख़ुशी में ताली, गोली नहीं!' खाली माझा फोन नंबर, कारण आम्ही निनावी भेकड नाही. आणि अशा माझ्या सख्ख्या आत्याच्या नवऱ्यानं (आम्ही हिंदी मुलखातले, म्हणून त्यांना फुफाजी म्हणतो) घरात डझनभर बंदुका भिंतींना टांगून ठेवाव्यात, याला काय म्हणायचं? मी याला विरोधकांना दिलेलं हत्यार म्हणायची. फुफाजी त्याला 'शौक' म्हणायचे. आत्याबाई त्याला जे म्हणायच्या ते मी छापू शकत नाही.

फुफाजी किरनापूरच्या रस्त्यावरच्या एका गावात राहतात. जनावरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून रिटायर झाले, पण कंपाउंडरकी अजून अंगातून गेलेली नाही. बंदुकीला ते 'पेशंट' म्हणतात. गंजलेल्या बंदुकीला 'खरूज' होते, ढिल्या घोड्याला 'लचक भरते', आणि नळीत कचरा साचला तर तिचं 'पोट फुगते'. सरकारी स्टेथोस्कोप त्यांनी निवृत्तीच्या दिवशी गळ्यातच विसरून घरी आणला. तो नळीला लावून डोळे मिटून ते काय ऐकतात हे आजवर कुणाला कळलेलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तुले नाही ऐकू येनार. तुले भाषणं ऐकाची सवय आहे."

आता त्यांचा स्वभाव समजायचा तर आधी ही ठासणीची बंदूक समजून घ्यावी लागेल. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. हिला सगळं तोंडातून भरवावं लागतं, लहान पोराला भरवतात तसं. आधी बारूद, मग कागदाचा बोळा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, आणि प्रत्येक घासाला लांब लोखंडी गज नळीत घालून ठासायचं. मग गज बाहेर काढायचा, घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, आणि एवढं सगळं झाल्यावर एक बार. दुसरा बार पाहिजे असेल तर पुन्हा पहिल्यापासून जेवण. जगात काडतुसं येऊन किती जमाना लोटला, पण फुफाजींना काडतूस हा शब्दसुद्धा चालत नाही. "थे काय बंदूक आहे? थे तं पाकिटातलं बिस्कुट. ठासल्याशिवाय कोनतीच गोष्ट पक्की होत नाही."

आणि हे त्यांनी आयुष्याला लावलं. त्यांचं बोलणंसुद्धा ठासणीचं आहे. तुम्ही प्रश्न विचारला की ते तुमच्याकडे पाहतात. मग शून्यात पाहतात. मग आतमध्ये काहीतरी भरलं जात असल्यासारखा गळ्याचा मणी वरखाली होतो. तुम्ही दुसऱ्या विषयावर जाता, चहा पिता, निरोप घेता, फाटकापर्यंत पोचता, आणि मग मागून उत्तराचा बार येतो. आत्याबाईंचं आणि त्यांचं भांडण पाहण्यासारखं. आत्याबाई सकाळी सगळं बोलून मोकळ्या होतात, फुफाजी गप्प, मग दुपारी सगळे सुखानं जेवायला बसले असताना ते एकदम ओरडतात, "मी कवा म्हनलो असं?" कशाबद्दल ते कुणालाच आठवत नाही. आत्याबाई म्हणतात, "लगनात याईले इचारलं का बायको पसंत आहे काय. पोरगी चालाले लागली तवा म्हनते, हौ."

प्रवासाला निघताना पिशवीत कपडे ते गजानं ठासतात. भरली वांगी त्यांनी एकदा केली होती, त्यानंतर आत्याबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. उशीत कापूस त्यांनी असा भरला की पाहुणा रात्रभर विटेवर झोपल्यासारखा झोपला आणि सकाळी न जेवताच परसवाड्याला निघून गेला.

त्या डझनभर बंदुकांबद्दल वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून लगेच सांगते. खरी बंदूक त्यांच्याकडे एकच. वडिलांकडून आलेली, पिकाच्या राखणीच्या लायसनची, तिचं नाव मोठीबाई. बाकीच्या सगळ्या त्यांनी स्वतः बनवलेल्या. परसवाड्याच्या बाजारात भंगारवाल्याकडे जुना घोडा, मोडका चाप, पितळेची पट्टी असं काही दिसलं की यांची लुना तिथेच बंद पडते. बैहरकडे कुणाच्या घरी आजोबाच्या बंदुकीचा नुसता लाकडी दस्ता चुलीशेजारी पडलाय असं कानावर आलं की हे जीपच्या टपावर बसून जातात आणि लेकरू आणावं तसा तो दस्ता टॉवेलात गुंडाळून आणतात. मग महिनोन् महिने त्याला कानस मारणं, जवसाचं तेल चोळणं, दस्ता नसेल तर नवा सागवानी कोरणं. सगळं अगदी अस्सल, फक्त नळी नाही. नळीच्या जागी गोल घासलेली भरीव सागाची दांडी, काळा रंग मारलेली. कायदा फुफाजींना तोंडपाठ. "भोक असन तं बंदूक, नसन तं फर्निचर," ते म्हणतात. म्हणजे भिंतीवर जे टांगलंय ते सगळं फर्निचर. एकीवर आत्याबाई साड्या टाकतात, दुसरी शाळेच्या गॅदरिंगच्या नाटकात दर वर्षी सीमेवर जाते, आणि तिसरी पडद्याची दांडी म्हणून पुढच्या खोलीत कामाला आहे.

मोठीबाईला मात्र कुणी हात लावायचा नाही. आठवड्यातून एकदा तिला अंगणात खाटेवर निजवून तेल लावलं जायचं. आत्याबाई पायरीवरून म्हणायच्या, "माह्ये गुडघे दुखून राह्यले, तिकडं कोनी पाहत नाही." फुफाजी ऐकायचे. दोन दिवसांनी आत्याबाईंच्या गुडघ्यावरही तेल यायचं. तेच, जवसाचं.

तर अशा घरात मी माझ्या पत्रकांचा एक गठ्ठा घेऊन गेले, कारण त्या गावात लग्नं भरपूर होती आणि सुधारणा घरापासून सुरू करावी असं माझं मत आहे. मी फुफाजींना बसवलं आणि सुनावलं. म्हटलं, वर गेलेली गोळी खाली येते, हे गुरुत्वाकर्षण आहे, सरकारी योजना नाही. म्हटलं, एकाच्या मुलाचं लग्न होतं आणि दुसऱ्याच्या छतावरचं लेकरू जखमी होतं, ही कुठली मर्दुमकी? तुमची पिढी जबाबदार आहे. फुफाजींनी पत्रक हातात घेतलं. बोटांनी चोळलं. उजेडाकडे धरलं. नाकाला लावून वास घेतला. इतक्या आस्थेनं आमचं पत्रक आजवर कुणी हाताळलं नव्हतं. बसस्टँडवर लोक त्यात भजी गुंडाळतात. मला वाटलं, माणूस बदलतोय. गठ्ठा ठेवून घेतला त्यांनी. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "फुफाजी, पत्रकं वाटली का?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी आंघोळ केली, नाश्ता केला, मैत्रिणीला फोन करून 'गाव अनुकूल आहे' असा अहवाल दिला. मग ओसरीवरून आवाज आला.

"वाटली नाही. ठासली."

मी बाहेर धावले. मोठीबाईच्या बोळ्यांसाठी त्यांनी माझी पत्रकं एकसारख्या चौकोनांत फाडून डब्यात भरली होती. "पेपरचा कागद आजकाल लय पातळ देऊन राह्यले," ते म्हणाले. "तुह्या कागद जाड आहे. मस्त बसते. काय किलोनं घेतं तू?"

मी निषेध नोंदवला. मी म्हटलं, हा विचारांचा अपमान आहे, बंदुकीच्या विरोधातलं साहित्य बंदुकीत भरणं ही वैचारिक हिंसा आहे. फुफाजींनी त्यावर जे उत्तर भरायला घेतलं ते अजून भरून झालेलं नव्हतं, तेवढ्यात घरामागून आत्याबाई ओरडल्या.

"अवो! डुकरं आले मक्यात!"

शेती फुफाजींनी कधीच बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला देऊन टाकली आहे. घरामागं मक्याचा एक तुकडा तेवढा राहिलाय, तोही डुकरांसाठीच लावतात असं गाव म्हणतं. फुफाजी मोठीबाई घेऊन बांधावर आले. डुकराला मारायचं नाही हे ठरलेलं, नुसता वर बार काढून पळवायचं. ते शांतपणे भरायला लागले. बारूद मापानं, तेही जनावरांना औषध पाजायच्या मापानं. मग माझं पत्रक. ठासणी. डुकरांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्यांची फुफाजींशी जुनी ओळख होती, वेळ किती आहे हे त्यांना ठाऊक होतं. पलीकडे सरपंचबाई आपल्या गच्चीवर मुगाच्या वड्या घालत होत्या, त्या कंबरेवर हात ठेवून पाहायला लागल्या.

"काहो भाऊजी, आज होईन काय बार?" त्यांनी गच्चीवरून टोमणा मारला. "का दिवाईले?"

"जेवून, हात धुवून चालले थे डुकरं!" आत्याबाई इकडून. "आता पानसुपारी देता काय त्याईले?"

दोन्ही बाजूंनी बायका, मध्ये मी हिंसेच्या विरोधात उभी, आणि समोर मका आडवा होत चाललेला. फुफाजींनी आयुष्यात पहिल्यांदा घाई केली. छर्रे घालायचे राहिले. बोळा ठासला, टोपी बसवली, नळी वर केली आणि चाप ओढला. असा आवाज झाला की कौलावरची कबुतरं किरनापूरला गेली असतील. धूर, धूर आणि धूर. त्या धुरातून माझ्या पत्रकाचे जळके तुकडे संथपणे सगळ्या गावावर पडायला लागले. मोहिमेच्या इतिहासात आमचं साहित्य एवढ्या घरांपर्यंत एकाच वेळी कधी पोचलं नव्हतं.

धूर विरला तेव्हा फुफाजी मोठीबाईकडे पाहत होते. मग आपल्या रिकाम्या उजव्या हाताकडे. मग पुन्हा नळीकडे.

"गज..." ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. गज वर नव्हता. तो सरपंचबाईंच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत, मधोमध, झेंड्याच्या काठीसारखा रुतून थरथरत होता. सरपंचबाई वड्यांच्या पलीकडं उकिडव्या बसल्या होत्या. कुणाला काही लागलं नव्हतं, हे आधी सांगते. पण पत्रकात मी जे लिहिते ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं होतं. गावचा कोटवार, म्हणजे सरकारी राखणदार, आला. त्यानं पुरावा म्हणून गज उपटायला घेतला तशी पाण्याची चिळकांडी उडाली, आणि सरपंचबाई किंचाळल्या, "खबरदार! राहू दे थो तसाच! वड्या वाहून चालल्या माह्या!" गज पुन्हा भोकात ठासण्यात आला. तो अजून तिथंच आहे. टाकी गळत नाही.

गज मिळेना म्हणून कोटवारानं पुरावा म्हणून कागदाचे तुकडे गोळा केले आणि ठाण्यात नेऊन दिले. संध्याकाळी माझा फोन वाजला. "मैडम, आप के काग़ज़ से फायर हुआ है. थाने आ जाइए."

ठाण्यात टेबलावर माझं पत्रक ठेवलं होतं. जे शिल्लक राहिलं होतं ते असं: 'ख़ुशी में', मग एक जळकं भोक, मग 'गोली', मग नुसती काळी कड. आणि खाली माझा नंबर, ठणठणीत. ठाणेदार साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "आप लोग तो खुल्लमखुल्ला प्रचार कर रहे हो." माझ्यावर आयुष्यात अनेक आरोप झाले, पण बंदुकीच्या प्रचाराचा हा पहिलाच. मी नवीन पत्रक काढून त्यांना पूर्ण वाचून दाखवलं, दोन्ही बाजू. ते ऐकून त्यांची खात्री पटली, आणि ते हसू लपवत फुफाजींकडे वळले. फुफाजी मोठीबाईला मांडीवर आडवी घेऊन बसले होते, दवाखान्यात पेशंट घेऊन बसावं तसे.

"बंदूक कितनी पुरानी है?"

फुफाजी पाहत राहिले.

"चलो छोड़ो. बाप का नाम?"

"सौ साल के ऊपर," फुफाजी म्हणाले.

असं बराच वेळ चाललं. मध्ये एकाची शेळी हरवल्याची तक्रार निकालात निघाली. शेवटी ठाणेदारांनी फाईल मिटली आणि नीट समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. लायसन पिकाच्या राखणीचं, पीक तर बटईवर. ते काही पुढे चालू राहणार नाही. रस्ते दोन. एक, बंदूक इथे मालखान्यात जमा करा; जशी आहे तशी राहील, चालती, पण इथं. दोन, नळी कायमची बुजवून, वेल्डिंग मारून, पुन्हा कधीच वाजणार नाही अशी करून दाखवा. मग ती बंदूक नाही, जुनी वस्तू, घरी ठेवा. "ज़िंदा चाहिए तो यहाँ रहेगी. घर चाहिए तो मरी हुई."

मी सांगते ते नोंदवून घ्यावं. आमच्या समितीची मागणीच ही होती की सगळ्या बंदुका जमा करा. मी टाळ्या वाजवायला पाहिजे होत्या. त्याऐवजी मी खुर्चीवरून उठले आणि भांडायला लागले. म्हटलं, साहेब, हे बरोबर नाही. म्हटलं, लग्नात पिस्तुलं नाचवणाऱ्यांना तुम्ही जेवणाच्या पंगतीत भेटता, त्यांना कधी बोलावलं? ह्या माणसानं आयुष्यात एक मच्छर मारला नाही. यानं बार काढेपर्यंत मच्छर म्हातारा होऊन मरतो! यांच्या वडिलांनी शेतातल्या माचणीवर बसून याच बंदुकीनं गावाचं धान राखलं. लहानपणी हे त्या माचणीवर हिच्या दस्त्यावर डोकं ठेवून झोपलेत... हे सगळं मला आत्याबाईंनी कधीतरी सांगितलं होतं, आणि ते मला पाठ आहे हे मला त्या दिवशी कळलं. माझा आवाज नको तितका चढला होता. शिपाई दारात येऊन उभा राहिला.

"लीडर," फुफाजी मला म्हणाले, "बस खाली." आणि ठाणेदारांकडे वळून, यावेळी अजिबात वेळ न लावता, म्हणाले, "घर पे चाहिए."

वेल्डिंग किरनापूरला, ट्रॉल्या जोडतात त्या दुकानात झालं. साक्षीला एक शिपाई आला. फुफाजींनी आदल्या दिवशी मला निरोप पाठवला होता: "तुहे कागद आनजो. उरले असन तेवढे." मी आणले. त्यांनी दुकानासमोरच्या बाकड्यावर मोठीबाईला निजवलं, शेवटचं तेल लावलं, स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटून ऐकलं. मग भरायला लागले. बारूद नाही, छर्रे नाहीत, नुसती माझी पत्रकं, एकेक घडी करून. खरा गज टाकीत होता, म्हणून पडद्याची दांडी झालेल्या फर्निचर-बंदुकीचा गज आणला होता. ते ठासत होते, आणि वेल्डर, शिपाई, मी, कुणीही घाई करा म्हटलं नाही. एवढा सगळा गठ्ठा त्या नळीत मावेल असं मला वाटलं नव्हतं. मावला. मग वरून लोखंडी खिळा, मग ठिणग्या. घोड्याखालचं छिद्रही बुजवलं. शिपायानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "हो गया."

परतताना लुनावर त्यांच्या मागं बसून, मोठीबाई आम्हा दोघांच्या मधे आडवी धरून, मी त्यांच्या कानाशी विचारलं, "फुफाजी, वाईट वाटलं काय?"

त्यांनी लुना चालवली. गाव आलं. घर आलं. ते मोठीबाईला घेऊन आत गेले.

मोठीबाई आता ओसरीवर टांगलेली आहे, बाकी फर्निचरच्या वर. पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला. फुफाजींनी पाहिलं, आणि आठवड्याच्या बाजारादिवशी, घरात पाहुणे असताना, गरजले, "टावेल काढ!" टॉवेल तेव्हा त्यांच्याच खांद्यावर होता. नव्या बंदुका बनवणं सुरूच आहे. आमच्या मोहिमेचंही बरं चाललंय. त्या गावात यंदाच्या लग्नांत एकही बार झाला नाही. त्यात माझ्या भाषणांचा वाटा किती आणि गच्चीवरून सगळ्यांना दिसणाऱ्या त्या गजाचा किती, हे मी तपासत बसत नाही.

परवा मी प्रेसमध्ये नव्या पत्रकांचा कागद निवडत उभी होते. जाडच घेतला. का, ते विचारू नका. तेवढ्यात फुफाजींचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत. मी दोनदा हॅलो म्हटलं, आत्याबाई बऱ्या आहेत ना विचारलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे लाकडावर कानस चालवल्यासारखं काहीतरी, मग तेही थांबलं. प्रेसवाला कागद कापायचा थांबून माझ्याकडे पाहत होता. किरनापूरच्या त्या रस्त्याला, लुनावरच्या त्या प्रश्नाला किती महिने झाले होते. मी वाट पाहिली. मला आता वाट पाहता येते.

"हौ," फुफाजी म्हणाले, आणि फोन ठेवला.